इंदूरच्या हॉस्पिटलवाल्यांना खुलं पत्र: पुढच्या साथीच्या यादीत ईएनटीची खोली पण लिहा

प्रति,
इंदूरमधल्या सरकारी आणि खासगी हॉस्पिटलांचं मॅनेजमेंट, ट्रस्टी मंडळी, आणि जिल्ह्यात साथीची तयारी बघणारे सगळे अधिकारी

सप्रेम नमस्कार,

मी नाक-कान-घशाची, म्हणजे ईएनटी सर्जन आहे, शिकले इंदूरलाच आणि प्रॅक्टिसही इथंच करते. हिंदीत रीतसर अर्ज वेगळा दिलाय, तो त्याच्या मार्गाने जाईल. हे मराठीत यासाठी लिहितेय की या शहरात हॉस्पिटलांच्या ट्रस्टवर, मेडिकल कॉलेजात, नर्सिंग स्टाफमध्ये आपली मराठी माणसं भरपूर आहेत, रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, आणि यातलं बरंचसं काम कलेक्टर ऑफिसच्या सहीची वाट न बघता तुमच्या पातळीवर होण्यासारखं आहे.

विषय एकच आहे. श्वासातून पसरणारी साथ येणार म्हटलं की तयारीची जी यादी बनते तिच्यात बेड असतात, ऑक्सिजन असतो, व्हेंटिलेटर असतात, आयसीयूचा स्टाफ असतो. २७ डिसेंबर २०२२ ला देशभर कोरोनाच्या तयारीचं मॉक ड्रिल झालं, परत १० आणि ११ एप्रिल २०२३ ला झालं, ऑक्सिजन प्लांट चालवून बघितले, व्हेंटिलेटर सुरू करून बघितले. हे व्हायलाच पाहिजे होतं, २०२१ चा एप्रिल ज्याने डोळ्यांनी बघितलाय तो याला कधीच नको म्हणणार नाही. पण त्या दिवसांत मी माझ्या ओळखीच्या ईएनटीवाल्यांना विचारलं की तुमच्या तपासणीच्या खोलीत कोणी आलं का, खिडकी उघडते का बघितलं का, मास्क किती शिल्लक आहेत विचारलं का, तर एकानेही हो म्हटलं नाही. मला हेच बदलायचं आहे.

आमचं काम नेमकं कसं चालतं हे बाहेरून कळत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगते. कोरोनाचा विषाणू आजाराच्या पहिल्या दिवसांत सगळ्यात जास्त सापडतो तो नाकात आणि नाकाच्या मागच्या घशात, म्हणून तर स्वॅबची काडी तिथपर्यंत घालत होते. आणि आम्ही दिवसभर तिथंच बघत असतो. पेशंट समोर स्टुलावर, माझ्या डोक्याला हेडलाइट, आमच्या दोघांच्या तोंडात जेमतेम एक-दीड वीत अंतर, मी म्हणते "आ करा", जिभेवर पट्टी दाबते आणि पेशंटला ठसका लागतो किंवा उमासा येतो, दहातल्या कितीतरी जणांना येतोच, त्यात त्यांची काही चूक नाही. नाकात दुर्बीण घालायची तर आधी बधिर करायचा स्प्रे मारावा लागतो, स्प्रे मारला की शिंक. सक्शन लावलं की खोकला. कानामागचं हाड ड्रिलने घासतो तेव्हा पाणी, रक्त आणि हाडाचा चुरा यांचा बारीक फवारा सगळ्या ओटीत उडतो. कोरोनाच्या वेळी सगळा देश "दो गज की दूरी" म्हणत होता, दो गज अंतरावरून कोणाचा टॉन्सिल दिसत नाही हो.

मास्क खाली न करता तपासता येणारा पेशंट आमच्याकडे फक्त कानाचा. तिथंही मायक्रोस्कोपला डोळे लावायचे तर फेसशील्ड आड येते, गॉगल घातला की काच धुक्यासारखी पांढरी होते, मग एकतर नीट दिसत नाही नाहीतर नीट झाकलं जात नाही, आणि कानाच्या ऑपरेशनमध्ये चेहऱ्याची नस अगदी शेजारून जाते, अंदाजाने हात चालवायची ती जागाच नाही.

२०२० च्या मार्चमध्ये हे सगळं आम्हाला नीटसं कोणी सांगितलेलं नव्हतं. ब्रिटनच्या ईएनटी संघटनेने त्याच महिन्यात जाहीर केलं की अचानक वास जाणं हे कोरोनाचं लक्षण असू शकतं, ताप-खोकला काहीच नसला तरी. आपल्याकडे केंद्राच्या लक्षणांच्या यादीत वास आणि चव जाणं आलं ते १३ जून २०२० ला. आता विचार करा, वास गेला तर माणूस कोणाकडे जाईल? आमच्याकडेच ना. म्हणजे मधल्या त्या काळात ताप नसलेला, हिंडता-फिरता, "मॅडम वरणाला फोडणी दिली तरी काही कळत नाही" म्हणणारा पेशंट साध्या ओपीडीच्या रांगेत बसणार आणि आम्ही त्याच्या नाकात दुर्बीण घालणार. ब्रिटनमधले ईएनटी सर्जन डॉ. अम्गद अल-हवरानी २८ मार्च २०२० ला गेले, वय ५५, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत कोरोनाने गेलेल्या अगदी पहिल्या डॉक्टरांपैकी एक. आणि आपल्या देशात कोरोनाने झालेला पहिला डॉक्टरचा मृत्यू म्हणून जो नोंदला गेला तो आपल्या इंदूरचा, ९ एप्रिल २०२० ला, जनरल फिजिशियन होते ते. तेव्हा या शहराला तर हे कोणी शिकवायची गरज नाही, इथं ते घडलेलं आहे.

तेव्हा एक सोपा उपाय सगळीकडे केला गेला, ईएनटीची ओपीडी बंद. इलेक्टिव्ह, म्हणजे तातडीची नसलेली सर्जरी बंद. भीतीच्या त्या पहिल्या आठवड्यांत तो निर्णय समजू शकते मी. पण बंद ठेवायचं काय आणि काहीही झालं तरी चालू ठेवायचं काय याची यादी कोणी केली नाही आणि त्याची किंमत पेशंटने भरली.

लहान मुलाने शेंगदाणा खाता खाता ठसका घेतला आणि दाणा श्वासनळीत गेला तर ते मूल अनलॉक व्हायची वाट बघू शकत नाही, त्याची ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून दाणा काढणं, लगेच करावी लागते. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी अन्ननळीत अडकली तर दोन तासांत आतलं जळायला सुरुवात होते. नाकातून भळाभळा रक्त येणारे बीपीचे आजोबा, टॉन्सिलच्या बाजूला पू होऊन तोंडच उघडेना असा तरुण, घशात गाठ वाढून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणारा बिडी ओढणारा माणूस, हे सगळे त्याच महिन्यांत येत होते. धारहून एका बाईंना त्यांच्या मुलाने गाडीत घालून आणलं होतं, नाकातून रक्त थांबत नव्हतं, आणि एका खासगी हॉस्पिटलच्या दारावर त्यांना सांगितलं गेलं की आधी आरटीपीसीआरचा रिपोर्ट आणा. रिपोर्टला तेव्हा दिवस लागायचा. नाकात पॅक घालायला लागतात दहा मिनिटं. पूर्ण संरक्षण घालून, पेशंट पॉझिटिव्हच आहे असं धरून पॅक घालता येतो, पण त्यासाठी दारावरच्या माणसाला कोणीतरी आधी सांगून ठेवलेलं असावं लागतं, आणि तिथं कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्या बाई शेवटी माझ्यापर्यंत पोचल्या आणि वाचल्या, पण पोचायला नको होतं असं फिरत फिरत.

जे लगेच मरत नाहीत त्यांचं नुकसान तर मोजलंही जात नाही. आपल्याकडे गुटखा, सुपारी, तंबाखू किती आहे तुम्हाला माहीतच आहे, तोंडातला फोड दोन-तीन आठवडे भरला नाही की तो दाखवायचा, तुकडा काढून तपासायचा, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. बडवानी, झाबुआ, खरगोनकडची माणसं बसने इंदूरला येतात, बस बंद, ओपीडी बंद, मग ती आली तेव्हा जो फोड जिभेच्या कडेला होता तो जबड्यापर्यंत गेलेला आणि मानेत गाठ आलेली. आधी आले असते तर छोटं ऑपरेशन होऊन माणूस घरी गेला असता, आता जबडा काढा, रेडिएशन द्या. हे मी वॉर्डात राउंड घेताना कितीदा मनात म्हटलंय सांगता येत नाही.

आणि बाळं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळासाठी जगभर मानलेला हिशेब आहे की एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन आणि थेरपी सुरू. मशीनने भागलं नाही तर पुढे कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानात ऑपरेशनने बसवायचं यंत्र, आपल्या राज्यात त्यासाठी मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे, चांगली योजना आहे, गरीब घरातली मुलं तिच्यामुळे बोलायला लागली आहेत. पण मेंदूत भाषा बसायचा काळ हा पहिल्या काही वर्षांचाच असतो, तो परत मिळत नाही. ज्या बाळांची ऐकण्याची बेरा टेस्ट लॉकडाउनमध्ये राहिली, स्पीच थेरपी राहिली, त्यांच्या आया पुढे दोन-अडीच वर्षांचं मूल घेऊन यायला लागल्या, "आमचा उशिरा बोलणार असेल, त्याचे बाबा पण उशिरा बोलले" असं म्हणत, आणि मला त्यांना रिपोर्ट समजावून सांगावा लागला.

आता म्युकर, म्हणजे काळी बुरशी. मे २०२१ बद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही.

दुसऱ्या लाटेत लोकांना घरच्या घरी व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शनवरून स्टेरॉइड चालू झाली. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने जून २०२० मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला होतो, ऑक्सिजन न लागणाऱ्याला होत नाही. पण घाबरलेली घरं आणि घाबरलेले डॉक्टर, पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू. आधीच मधुमेह, त्यावर स्टेरॉइड, शुगर चारशेच्या वर आणि कोणी मोजत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष सॅच्युरेशनच्या आकड्याकडे. मग पेशंट बरा होऊन घरी जातो आणि काही दिवसांत गाल बधिर, दात हलायला लागतात, डोळा सुजतो, एकाचे दोन दिसतात, नाकातून काळपट पाणी. ही बुरशी रक्तवाहिनीत शिरते, रक्तपुरवठा बंद पाडते, आणि पुढचं मांस मरून काळं पडतं. औषध तिथं पोचतच नाही कारण रक्तच जात नाही, म्हणून मेलेलं सगळं कापून काढावं लागतं, सायनसमधून, टाळूतून, कधी जबड्यातून, आणि कधी डोळासुद्धा.

२८ जून २०२१ ला केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी सांगितलेला देशाचा आकडा ४०,८४५ होता आणि त्यातले ३१,३४४ नाक-डोळा-मेंदूच्या भागातले, म्हणजे आमच्या टेबलावरचे. आपल्या एमवायएच या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तर माळवा-निमाडमधून पेशंट येतच होते, वॉर्डामागून वॉर्ड भरत होते. जे रेसिडेंट डॉक्टर वर्षभर स्वॅब ड्यूटी आणि कोविड वॉर्ड करून थकलेले होते तेच आता पीपीई किट घालून तासन् तास दुर्बिणीने बुरशी काढत उभे, किटमध्ये घामाने अंग भिजलेलं, त्यातले कितीतरी पेशंट अजून पॉझिटिव्ह. आणि बाहेर नातेवाईक एम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी दवा बाजारात, कलेक्टर ऑफिसात, भोपाळला, नागपूरला फोन करत फिरतायत. त्यातलं कमी त्रासाचं लायपोसोमल मिळालं नाही तर साधं एम्फो द्यायचं, त्याने थंडी वाजून ताप येतो, किडनीवर ताण येतो, रोज क्रिएटिनिन बघायचं. एका पेशंटच्या घरातल्या बाईने मला विचारलं होतं की डॉक्टर, डोळा काढला तर नक्की वाचतील ना? याचं नक्की उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि सही तर त्याच संध्याकाळी घ्यायची होती.

हे सगळं टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण बरंच लवकर पकडता आलं असतं. कोविड वॉर्डात पहिल्या दिवसापासून ईएनटीचा माणूस राउंडला असता, स्टेरॉइडवरच्या प्रत्येक पेशंटची शुगर दिवसातून चार वेळा लिहिली गेली असती, डिस्चार्जच्या कागदावर "गाल बधिर झाला, एका बाजूचं डोकं दुखलं, डोळा सुजला तर त्याच दिवशी या" एवढी एक ओळ हिंदीत छापलेली असती, तर कितीजणांचा डोळा राहिला असता. ज्यांची टाळू गेली ते आजही पाणी प्यायले की नाकातून येतं, प्लेट बसवल्याशिवाय बोललेलं समजत नाही, त्यांची प्लेट सैल झाली की नवी कोण करून देणार हे कोणत्याच योजनेच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं मला सापडत नाही. कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं डब्ल्यूएचओने ५ मे २०२३ ला सांगितलं, या लोकांची संपलेली नाही.

व्हेंटिलेटरवर जास्त दिवस राहिलेल्यांच्या गळ्याला भोक करून नळी घालायचं कामही आमचंच. ट्रेकिऑस्टॉमी करताना श्वासनळी उघडण्याच्या क्षणी व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवावा लागतो, नाहीतर पेशंटच्या फुप्फुसातली हवा सरळ सर्जनच्या तोंडावर येते, म्हणजे भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि सर्जन यांचा ताल आधी जुळवलेला पाहिजे, सराव पाहिजे. तो सराव साथ आल्यावर करायचा नसतो. आणि पुढे काही महिन्यांनी त्यातल्या काहींची श्वासनळी आतून आवळत जाते, दम लागतो, लोक दमा समजून पंप घेत राहतात.

मास्कबद्दल एक गोष्ट, जी आमच्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या, रोज बघतात. ज्यांना कमी ऐकू येतं ते ओठ बघून अर्धं समजून घेत असतात, अनेकांना स्वतःलाही ते माहीत नसतं. सगळ्यांचे ओठ झाकले गेले आणि आवाजही दबला, आणि घराघरातल्या आज्या एकदम गप्प झाल्या. डॉक्टर काय म्हणाले ते न कळता मान हलवून घरी गेल्या, गोळ्या चुकल्या. मास्कची दोरी काढताना कानातलं मशीन पडून हरवलं अशाही कितीतरी आल्या. पारदर्शक खिडकीचे मास्क, समोर लिहून दाखवायची पाटी, एवढं प्रत्येक रजिस्ट्रेशन काउंटरवर ठेवता येतं.

आता मागणं काय. सगळ्यात आधी हवा. आपल्याकडच्या बहुतेक ईएनटी खोल्या म्हणजे आतल्या बाजूची बंद केबिन आणि भिंतीवर स्प्लिट एसी, आणि स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं कोष्टक आहे, खोलीतली हवा तासात १२ वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. आणि अजिबातच बदलत नसेल तर? तर एका पेशंटची शिंक पुढच्या तीन-चार पेशंटनी आणि आम्ही दिवसभर ओढायची. इंदूरने २०१७ ते २०२३ सलग स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणून दाखवलाय, घराघरातून ओला-सुका वेगळा करायला लावलाय, त्या शहराला आपल्या ओपीडीत एक दणकट एक्झॉस्ट आणि एक उघडणारी खिडकी जमणार नाही हे मी मानायला तयार नाही. ज्या खोलीत दुर्बीण आणि सक्शन होतं ती खोली बाहेरच्या भिंतीला लागून द्या, बिलिंग काउंटर आत गेलं तरी काही बिघडत नाही.

दुसरं, एन-९५ मास्क द्यायचे तर चेहऱ्यावर बसतात का ते तपासून द्या. एकाच साइजचे खोके मागवले की बारीक चेहऱ्याच्या सिस्टरच्या गालाजवळून हवा जातेच, तो मास्क फक्त दिसायला असतो. आणि वाटप करताना डॉक्टर, सिस्टर, मग उरलं तर बाकीचे असं करू नका. आमच्या खोलीत सक्शनची बाटली रिकामी करणारी मावशी, अवजारं धुणारा वॉर्डबॉय, यांच्या हातात तो विषाणू आमच्याइतकाच येतो. २०२० मध्ये एका ठिकाणी मी मावशींना तोंडाला साधा कापडी रुमाल बांधून बाटली धुताना बघितलं आणि माझ्या अंगावर डबल मास्क आणि किट होतं. पगार सगळ्यात कमी, घर सगळ्यात छोटं, आणि संरक्षण सगळ्यात शेवटी, हे परत होऊ देऊ नका, मी हात जोडून सांगते.

तिसरं, दुर्बिणीला कॅमेरा आणि स्क्रीन. सरळ डोळा लावून बघण्याऐवजी स्क्रीनवर बघितलं की डॉक्टर दोन फूट मागे उभा राहू शकतो आणि रेसिडेंटलाही शिकता येतं, ही खरेदी साथ नसतानाही उपयोगाचीच आहे. आणि चौथं ते यादीचं, जे फुकट आहे. श्वासनळीतली वस्तू, बॅटरी, नाकाचा रक्तस्राव, घशातला पू, श्वासाला अडथळा, कॅन्सरचा संशय, बाळाची ऐकण्याची तपासणी, हे कोणत्याही लॉकडाउनमध्ये बंद होणार नाही असं आजच लिहून, सही-शिक्क्यानिशी गेटवरच्या गार्डपर्यंत पोचवून ठेवा. रिपोर्ट नाही म्हणून यांना कोणी परत पाठवणार नाही.

ट्रेकिऑस्टॉमी आणि संरक्षण घालून तपासणी याचं ट्रेनिंग मी आणि माझे काही सहकारी कुठल्याही हॉस्पिटलात रविवारी येऊन विनामूल्य देऊ, सरकारी असो की खासगी, तुम्ही फक्त सिस्टर आणि टेक्निशियन मंडळींना त्या दिवसाची ड्यूटी मोजून द्या, त्यांची सुट्टी खाऊ नका.

या महिन्याअखेरपर्यंत प्रत्येक हॉस्पिटलकडून मला दोनच गोष्टी लिहून हव्या आहेत, तुमच्या ईएनटी तपासणी खोलीत बाहेरची हवा कुठून येते, आणि येत नसेल तर एक्झॉस्ट कोणत्या तारखेला बसणार.

आपली,
इंदूरची एक नाक-कान-घसा सर्जन